खैरदऱ्याचं शून्य

खैरदऱ्यात पाणी आहे, असं जगातल्या सर्वांत शहाण्या यंत्राचं म्हणणं होतं. खैरदऱ्यात पाण्याचा टिपूस नाही, असं शालनमामीचं म्हणणं होतं. यंत्राचं म्हणणं सरकार ऐकत होतं, बँका ऐकत होत्या, विमा कंपन्या ऐकत होत्या. मामीचं म्हणणं ऐकायला उरली होती फक्त तिची भाची, आणि ती बसली होती हॉलंडमधल्या एका गावात, जिथे लोक पाणी नको म्हणून अहोरात्र पंप चालवतात.

"औंदाबी शिमग्यापास्नं टँकर न्हाई गं आला, ईशे," मामी फोनवर म्हणत होती. "तलाठी म्हंतोय, तराजू पाणी दावतोय, आमचं हात बांधल्यालं हाईत. आता तराजू म्हंजी तुझाच की. म्हनून म्हनलं, तुलाच इचारावं."

"मामा काय म्हणतात?"

"त्यो काय म्हननार? समदं ब्येस चाललंय म्हंतोय."

ईश्वरी गोरडचे कान तापले. माण तालुक्यातलं हे खैरदरे तिचं आजोळ. आई लहानपणीच गेली, बापानं दुसरा संसार थाटला, आणि हणमंतमामा-शालनमामीनं पोरीला आपल्या घरात वाढवलं. पुण्यात इंजिनिअरिंग झालं, मग 'जलव्यवस्थापन आणि आंतरराष्ट्रीय विकास' अशा भारदस्त नावाच्या उच्चशिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली, आणि आता तिथेच तिचा डॉक्टरेटचा प्रबंध पुरा होत आला होता. पोरगी काय शिकते असं कुणी विचारलं की सरपंच हणमंत दडस छाती फुगवून सांगायचे, "पाण्याची डॉक्टर हाय." आणि त्या डॉक्टरणीच्या गावाला प्यायला पाणी नव्हतं.

यंत्राचं खरं नाव हातभर लांब होतं. खैरदऱ्यानं त्याचं बारसं 'तराजू' असं केलं, आणि ते अगदी बरोबर होतं. एका निर्वात नळीत अणूंचा छोटासा ढग घ्यायचा, तो जवळजवळ निश्चल होईपर्यंत थंड करायचा, आणि सोडून द्यायचा. तो खाली किती वेगानं पडतो ते लेसरनं मोजायचं. पायाखालच्या जमिनीत पाणी जास्त असेल तर जमीन जड, ओढ जास्त, आणि ढग किंचित लवकर पडणार. हा 'किंचित' भलताच बारीक. जमिनीतलं पाणी चार बोटं खाली गेलं तर पडणारा फरक म्हणजे धट्ट्याकट्ट्या माणसाच्या वजनातून पापणीचा एक केस वजा करावा, एवढाच. पूर्वी असलं यंत्र खोलीभर असायचं. आता ते ड्रोनच्या पोटात मावत होतं, आणि दर पंधरवड्याला जगातल्या सगळ्या कोरडवाहू मुलखावरून घिरट्या घालत होतं.

पण तराजूला दगडाचं वजन वेगळं आणि पाण्याचं वेगळं कळत नाही. किराणा दुकानदार तेल मोजण्याआधी रिकाम्या बरणीचा धडा करून घेतो, म्हणजे बरणीच्या वजनाचं काहीतरी दुसऱ्या पारड्यात टाकून काटा सरळ करतो, तसंच इथेही करावं लागे. ऐन उन्हाळ्यात, जमीन ठणठणीत कोरडी असताना, नुसता दगड किती ओढतो ते एकदा मोजायचं. तो आकडा म्हणजे शून्य. पुढे त्याच्यावर जे भरेल ते पाणी. प्रत्येक गावात असा खटाटोप करणं शक्य नव्हतं, म्हणून एकसारख्या दगडाच्या अख्ख्या पट्ट्यासाठी एकच गाव निवडलं जाई. त्याला म्हणत साक्षीगाव. माणच्या काळ्या दगडाचं साक्षीगाव होतं खैरदरे. तीन वर्षांपूर्वी ईश्वरी आपल्या प्राध्यापकांना आणि सगळ्या चमूला घेऊन स्वतः गावात आली होती, आणि वैशाखातल्या भाजणाऱ्या उन्हात शून्य घेऊन गेली होती.

तिचा प्रबंध त्याच्या पुढच्या प्रश्नावर होता. यंत्रं म्हातारी होतात, लेसर थकतात, आकडे घसरतात. घसरलेला आकडा ओळखायचा कसा? ईश्वरीनं एक साधा नियम मांडला. जमिनीत 'नाही' पेक्षा कमी पाणी असूच शकत नाही. तेव्हा आकडा शून्याच्या खाली गेला तर समजावं की यंत्र आजारी आहे. तो आकडा फेकून द्यावा आणि यंत्र बरं होईपर्यंत शेवटचा शहाणा आकडा धरून ठेवावा. या नियमावर तज्ज्ञांनी माना डोलावल्या होत्या. दुष्काळासाठी जगभर पैसा पुरवणाऱ्या निधीनं तो पदवीच्या आधीच वापरायला घेतला होता. पूर्वी दुष्काळ कुणाच्या तरी मर्जीनं जाहीर व्हायचा, एकाच्या तालुक्यात व्हायचा आणि शेजारच्या तालुक्यात नाही. आता वशिला नाही, चिरीमिरी नाही. तराजू म्हणेल तो दुष्काळ, तराजू म्हणेल तिथे टँकर. ईश्वरीला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

मामीचा फोन ठेवून तिनं जगाचा नकाशा उघडला. माणचा सगळा पट्टा हिरवागार होता. खैरदऱ्यावर बोट ठेवलं तर अक्षरं उमटली, 'पुरेसं'. त्याखाली बारीक टाइपात लिहिलं होतं, 'यंत्रात बिघाड, माघातला आकडा कायम'.

माघातला! म्हणजे थंडीत विहिरींना पाणी असतं तेव्हाचा. होळी गेली, पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, आणि हे शहाणं यंत्र अजून माघातलंच पाणी दाखवत बसलं होतं. ईश्वरीनं मागची दोन वर्षं काढून पाहिली. दर उन्हाळ्यात हेच. जसजसं ऊन चढे तसतसं यंत्र आजारी पडे आणि पहिल्या पावसाबरोबर बरं होई. लेसरला काय ऋतू कळतात?

तिनं पुन्हा फोन लावला. या वेळी व्हिडिओवर.

"मामी, मला विहीर दाखव."

मामीनं फोन विहिरीच्या काठावरून आत धरला. खाली काळा दगड होता, त्यावर एक फुटकी बादली आणि कुत्र्याचं वाळलेलं हाड. ओल म्हणून कुठे नव्हती.

"आम्ही शून्य घ्यायला आलो तेव्हा तर हिच्यात पाणी होतं," ईश्वरी म्हणाली. "मला आठवतंय. थोडंसं होतं, पण होतं. आमच्या प्राध्यापक ब्राउवरबाईंनी फोटोसुद्धा काढला होता."

फोनमध्ये आता मामीचं तोंड दिसत होतं. ती पदरानं कपाळ पुसत होती, आणि ते पुसणं काही संपेना.

"मामी?"

"तुझं पाव्हणं येनार हुतं, ईशे. सातासमुद्रापल्याडनं. आन् त्यास्नी इहिरीत दगूड दावायचा व्हय? तुझा मामा म्हनला, पोरीची मान खाली न्हाई जाऊ द्यायची. वरच्या पाझर तलावात चैताबैसाखासाठी राखल्यालं पाणी हुतं, ते आठ दिस मोटर लावून इहिरीत सोडलं. वट्याच्या भवतीनं चर खांदून त्यातबी सोडलं, गारवा वाटावा म्हनून."

ओटा म्हणजे तराजू ठेवायला बांधलेला चौथरा. ईश्वरीला विचारायचं होतं की मग त्या उन्हाळ्यात गाव काय प्यायलं, पण मामीनं ते आधीच सांगून टाकलं.

"तुमी गेलासा आन् आमी चार कोसांवनं डोक्यावर आनलं. पर तुला कसं सांगायचं? पोरगी बगायला पाव्हणं येत्यात तवा शेजारच्यांचं तांबं-पितळ आनून मांडतोच की आपन. त्यात खोटं कुनाला वाटतंय?"

ईश्वरीनं फोन बंद केला आणि टेबलावर मूठ आपटली. बरणीचा धडा करताना बरणीत तेल होतं! ओल्या जमिनीचं वजन 'कोरडं' म्हणून जगाच्या वहीत चढलं होतं. मग खरीखुरी कोरड पडली की आकडा शून्याखाली जाणारच, आणि शून्याखालचं सगळं खोटं हा नियम तिनंच लिहिलेला. जमीन बोंब मारत होती आणि नियम म्हणत होता की ही भ्रमिष्ट आहे, हिचं ऐकू नका. एकट्या खैरदऱ्याचं नव्हे, त्या शून्यावर टांगलेल्या सगळ्या पट्ट्याचं.

प्राध्यापक अनेके ब्राउवर वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, ईश्वरीला त्यांच्यावर धड चिडता तरी आलं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा चहा ओतला, आणि मग म्हणाल्या, "एका गावाची गोष्ट आहे ही."

"एका गावाची नाही. मी मोजून पाहिलंय. जगातल्या साक्षीगावांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा गावं दर उन्हाळ्यात 'आजारी' पडतात."

"लेसर उष्णतेनं थकतात. तूच लिहिलंयस ते."

"मीच चूक लिहिलंय!"

"हे बघ, नियम काढला तर खरोखर बिघडलेलं प्रत्येक यंत्र उद्या दुष्काळ म्हणून ओरडेल. निधी दोन महिन्यांत रिकामा होईल, मग कुणालाच काही मिळणार नाही. आज निदान बऱ्याच जणांना मिळतंय."

"माझ्या गावाला नाही मिळत."

"म्हणूनच तू शांतपणे विचार करू शकत नाहीस."

हे बोलणं ईश्वरीच्या वर्मी लागलं. तिच्या गावाची विहीर कोरडी होती म्हणून तिला विहिरीबद्दल बोलायचा हक्क नव्हता, आणि ज्यांनी आयुष्यात नळ सोडून दुसरं काही पाहिलं नाही ते तटस्थ होते! तिनं मामीच्या विहिरीचा टिपून ठेवलेला व्हिडिओ पुढे केला. ब्राउवरबाईंनी तो पाहिला आणि मान हलवली. एक बाई एक कोरडी विहीर दाखवते, हा पुरावा होत नाही. ती विहीर कुठलीही असू शकते.

मग त्यांनी रीत समजावून सांगितली. पदवी मिळेपर्यंत नियमावर ईश्वरीचा हक्क होता, ती तो मागे घेऊ शकत होती. पदवी मिळाली की तो संस्थेचा आणि निधीचा झाला. मागे घ्यायचा तर कारण हवं, आणि मान्य होणारं कारण एकच. साक्षीगावानं आपली साक्ष स्वतः फिरवली पाहिजे, भर ग्रामसभेत, प्राध्यापकांच्या समक्ष.

"आणि ईश्वरी," त्या म्हणाल्या, "नियम गेला की प्रबंधात काही उरत नाही. निधीमध्ये ठरलेली तुझी नोकरीसुद्धा त्या नियमावरच आहे. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय. तुम्ही तिकीट काढा," ईश्वरी म्हणाली.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात म्वेंडे भात शिजवत होती. म्वेंडे केनियातल्या किटुईची, ईश्वरीच्या वर्गातली, तिच्यासारखीच कोरड्या मुलखातून आलेली. ईश्वरीनं तडातडा सगळं सांगितलं तेव्हा ती आधी खो खो हसली. मामांनी विहीर सजवली, वा! हसता हसता तिनं एकदम शेगडी बंद केली.

"आमच्याकडे नदीच्या वाळूत बांध घालून पाणी साठवतात," ती म्हणाली. "शून्य घ्यायला आम्ही गेलो त्याच्या आधी माझ्या काकांनी वरच्या बांधाचं पाणी खाली सोडलं होतं. पाहुण्यांनी वाळू उकरली तर हाताला ओल लागावी म्हणून. मला वाटलं, असला वेडेपणा फक्त माझ्याच घरचे करतात."

जगात जिथे जिथे माणूस पाहुण्यासमोर आपली तहान झाकतो, तिथलं तिथलं शून्य ओलं होतं. विकासाचं शास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सुचली नव्हती, कारण ते सगळीकडे पाहुणे म्हणूनच गेले होते.

खैरदऱ्याच्या वेशीवर कमान होती, 'जागतिक साक्षीगाव खैरदरे आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. कमानीखाली ईश्वरीचं नाव कोरलेली फरशी होती आणि तिला ताजा हार घातलेला होता. हार बघूनच तिचं डोकं भणाणलं. घराच्या अंगणात मामा इस्त्रीच्या कपड्यांत सामोरे आले.

"मामा, उद्या ब्राउवरबाई येतायत. ग्रामसभेत तुम्ही खरं सांगायचं."

"काय खरं?" मामांनी मिशीवरून हात फिरवला. "तू दमून आल्यास. आंघूळ कर."

"कशानं करू आंघोळ?"

मामांनी आजूबाजूला नजर टाकली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "ईशे, इचार कर. खालच्या धा-बारा वाड्यांस्नी कळलं की आपल्या पाण्यापायी त्येंचं टँकर ग्येलं, तर समदा पट्टा आपल्यावर थुकंल. पोरीबाळी दिल्या-घेतल्यात त्या गावात. कुठल्या तोंडानं जायाचं?"

"आणि त्या पोरीबाळी तिकडे तहानेनं मरतायत, त्याचं काय?"

"यील टँकर. मी हाय न्हवं? आमदाराला भेटतो."

"आमदाराच्या हातात काही राहिलं नाही, मामा! मीच काढून घेतलंय ते त्याच्या हातातून!"

ती ओरडली तशी शेजारची दोन दारं उघडली. मामा आत निघून गेले. मामी उंबऱ्यावर बसली होती. तिनं भाचीला खाली बसवलं आणि कोरड्याच हातानं तिचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरी विहिरीकडे गेली, तर तिथे टँकर उभा होता. मागे आणखी एक. सरकारी नव्हे, कालव्याकडून विकत आणलेले. पहिल्याचा जाड पाइप विहिरीत सोडलेला होता आणि मामा काठावर उभे राहून ड्रायव्हरला हात करत होते. पलीकडे गावच्या बायका हंडे-कळश्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. रांग हलत नव्हती.

"ह्यांना का नाही देत?" ईश्वरीनं विचारलं.

"पाव्हणं ग्येल्यावर घ्या म्हनलंया," रांगेतली एक म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. सवय होती. ईश्वरीला त्या सवयीचाच सर्वांत जास्त संताप आला.

"मामा! बंद करा ते!"

"अगं, ऐक तरी," मामा धावत आले. त्यांचा चेहरा घामेजला होता, आणि ईश्वरीनं पहिल्यांदा पाहिलं की ते घाबरले आहेत. "तुझ्या कालिजातनं तुझ्या बाईंचा फोन आलता, तलाठी मराठीत सांगत हुता. नियम ग्येला तर तुझी डिग्री जाती म्हनल्या. इहिरीत पाणी दिसलं की मिटलं. यंत्र खरं, तू खरी, डिग्री खरी. माझ्यापायी तुझी डिग्री जावी व्हय गं? वर ग्येल्यावर तुझ्या आईला काय सांगू मी?"

आता चिडायचं तरी कुणावर? या माणसानं तिच्यासाठी एकदा गावाची विहीर भरली होती आणि गाव तहानेलं ठेवलं होतं. आज परत तेच करत होता, तितक्याच मायेनं. ईश्वरीला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. तिनं सरळ जाऊन पाइप विहिरीतून ओढून काढला. पाण्याचा झोत तिच्या अंगावर आला, ती पाय रोवून उभी राहिली आणि तो तिनं रांगेतल्या पहिल्या हंड्यात धरला.

"ईशे, वट्यावर यंत्र ठेवायचंय! त्येला काय दिसंल?"

"यंत्राला तहान लागत नाही, मामा. हिला लागते."

म्हातारीचा हंडा भरला. मग दुसरीचा. मामी गर्दीतून पुढे आली, तिनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि पाइपाला भाचीबरोबर हात लावला. दोन्ही टँकर रिकामे झाले तेव्हा अर्धी रांग उरली होती आणि विहिरीत खाली एवढंसं डबकं होतं, तेही उन्हानं शोषून घेतलं.

ब्राउवरबाईंची गाडी धुरळा उडवत आली. ओट्याशेजारच्या मांडवात सारा गाव बसला होता. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली, सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला, आणि लाल झालेल्या चेहऱ्यानं खुर्चीवर टेकल्या. शालनमामी उठली. घरातून आणलेलं लख्ख घासलेलं तांब्या-फुलपात्र तिनं दोन्ही हातांनी पाहुणीसमोर धरलं.

बाई हसल्या, त्यांनी तांब्या घेतला आणि फुलपात्रावर कलता केला. काहीच पडलं नाही. त्यांनी तो आणखी कलता केला. मग आत डोकावून पाहिलं.

पाहुण्याला रिकामा तांब्या! खैरदऱ्यात असला अपमान वैऱ्याचाही कुणी केला नव्हता. मामा ताडकन उठले.

"शालन! इकतचं का असंना, पाणी हाय न्हवं घरात? आन ते!"

"ते इकतचं. ते आमच्या घशात ग्येलं," मामी म्हणाली. ती जागची हलली नाही. "गावाचं पाणी ह्येवढं हाय. ईशे, सांग तिला."

ईश्वरीनं सांगितलं. इंग्रजीत ते वाक्य फार लहान झालं. बाई तांब्या मांडीवर घेऊन बसल्या आणि त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सगळा गाव सरपंचांकडे बघत होता.

हणमंत दडस पुढे झाले. त्यांनी एकदा कमानीकडे पाहिलं, एकदा भाचीकडे. मग डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आमी खोटं पाणी दावलं, बाई," ते म्हणाले. "तलावातलं राखल्यालं इहिरीत सोडलं, तुमच्या वट्याभवती सोडलं. हुकूम माझा हुता. तुमचं शून्य वलं हुतं. ह्या पट्ट्याचं टँकर माझ्यामुळं ग्येलं. लिवून घ्या."

ईश्वरीनं शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. मामा खाली बसले, जमिनीवरच, बायकांच्या बाजूला. कुणी थुंकलं नाही. रांगेतल्या त्या म्हातारीनं आपल्या कळशीतलं थोडं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्यापुढे केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

ब्राउवरबाईंनी ईश्वरीला बाजूला बोलावलं. त्यांचे डोळे ओले होते, हे खरं. "मला फार वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांची मेहनत. तुझी पदवी—"

"तुम्हाला एवढंच दिसलं?" ईश्वरी म्हणाली. ती इतक्या जोरात बोलली की मांडवातल्या माना वळल्या. "तीन उन्हाळे, मॅडम! तीन उन्हाळे ही माणसं सांगत होती पाणी नाही, आणि आपण त्यांना उत्तर देत होतो की तुमची जमीन आजारी आहे. पदवी घाला चुलीत!"

तिनं ओट्यावर लॅपटॉप उघडला. शेजारी बाईंनी बरोबर आणलेला तराजू ठेवलेला होता, त्याच्या नळीत अणूंचा ढग पुन्हा पुन्हा पडत होता आणि पडद्यावर तेच ते शब्द येत होते, 'यंत्रात बिघाड, माघातला आकडा कायम'. तिनं नियम मागे घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'साक्षीगावानं साक्ष फिरवली'. खाली प्राध्यापकांची संमती हवी होती. ब्राउवरबाईंनी क्षणभर डोळे मिटले आणि पडद्यावर अंगठा ठेवला.

आकडा हलला. शून्यावर आला, तिथे थांबेल असं वाटलं, आणि थांबला नाही. खाली, आणखी खाली गेला. 'पुरेसं' हा शब्द पुसला गेला. खैरदरे लाल झालं, मग खालच्या वाड्या, मग सगळा पट्टा. ईश्वरीनं नकाशा लहान केला. लाली पसरतच होती. अरबी समुद्र ओलांडून पलीकडे किटुई लाल झालं, आणि तेवढ्यात फोनवर म्वेंडेचा निरोप आला. ती लिहीत होती, "काका रडतायत, पण म्हणतायत, चला, सुटलो."

मामा केव्हाचे मागे येऊन उभे होते.

"यवडी गावं?" त्यांनी विचारलं. "समद्यांनी आपल्यागतच केलं?"

"सगळ्यांनी नाही. काही यंत्रं खरंच बिघडलेली असतील. पण बरीच गावं आपल्यासारखी, मामा."

मामा नकाशाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची शरम हळूहळू जाऊन तिथे संताप आला. ईश्वरीनं तो ओळखला, कारण तो कधीचा तिचाही होता.

ब्राउवरबाई खुर्चीवर परत येऊन बसल्या. ऊन मांडवाच्या आत सरकलं होतं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि ईश्वरीला हळूच विचारलं की थोडा चहा मिळेल का.

ईश्वरीनं मामांसाठी भाषांतर केलं. पाहुण्यासाठी गावाची विहीर भरणारा, उभ्या जन्मात कुणाला चहाविना दारातून जाऊ न देणारा तो माणूस पुढे आला, त्यानं बाईंच्या मांडीवरचा रिकामा तांब्या उचलून त्यांच्या हातात नीट दिला, आणि शेजारी त्यांचा फोन ठेवला.

"त्येंना म्हनावं, निधीला फोन लावा," मामा म्हणाले. "पट्ट्यात टँकर आला की च्या. तंवर बसा आमच्यासंगं."

मांडवातलं कुणीही उठलं नाही. सकाळी पाणी न पोचलेल्या बायकांनी रिकाम्या कळश्या आपापल्या पुढ्यात मांडल्या आणि पाहुणीकडे तोंड करून त्या बसून राहिल्या. ब्राउवरबाईंनी एकदा त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग फोन उचलला आणि नंबर लावायला लागल्या.